शिट्टी ट्यूबची की सर्किटची?

गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) चढवला आणि गिटारच्या तारांना हात न लावताच स्पीकरमधून एकसुरी शिट्टी सुरू झाली, की बहुतेकांचा हात आधी ट्यूबकडे जातो. नवी ट्यूब बसते, शिट्टी थांबते आणि दोष जुन्या ट्यूबच्या माथी मारला जातो. तो खरा असेलच असं नाही. नव्या ट्यूबचा गेन थोडा कमी असला, तर सर्किटमधला दोषही काही काळ गप्प बसतो.

असं ओरडणारे दोन बिघाड आहेत: मायक्रोफोनिक, म्हणजे हादऱ्यांचा सिग्नल करणारी, ट्यूब आणि सर्किटचं स्वतःचं ऑसिलेशन, म्हणजे आपोआप चालू राहणारं कंपन. दोन्हीत आउटपुटचा थोडा भाग मागच्या टप्प्याकडे परततो आणि दर फेरीला वाढत जातो. फरक परतीच्या वाटेत आहे. मायक्रोफोनिक ट्यूबमध्ये ही वाट हवेतून आणि लाकडातून जाते. स्पीकर कॅबिनेटला हादरवतो, ते हादरे ट्यूबपर्यंत पोचतात, आतले भाग थरथरतात आणि ती थरथर सिग्नल बनून पुन्हा स्पीकरकडे निघते. स्पीकर आणि ट्यूबा एकाच खोक्यात असलेल्या कॉम्बोला हा त्रास जास्त होतो, तो त्यामुळेच. ऑसिलेशनची वाट मात्र पूर्ण विजेची असते, तिला स्पीकरच्या आवाजाची गरज नसते.

म्हणून खरी चाचणी सोपी आहे. आधी गिटार काढून टाका, कारण तिचा पिकअपही (तारांचं कंपन टिपणारा भाग) मायक्रोफोनिक असू शकतो. मग तेवढ्याच ओहमचं वेगळं कॅबिनेट लांब स्पीकर केबलने दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या. गिटारची केबल इथे वापरू नका, आणि लोडशिवाय, म्हणजे स्पीकर न जोडता, अ‍ॅम्प कधीच चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबा आणि स्पीकर यांच्यामधला) जळू शकतो. शिट्टी थांबली तर ट्यूबवर संशय घ्या. तशीच राहिली तर अ‍ॅम्पच्या आतल्या तारा तपासा.

ट्यूबवर पेन्सिलीने टिचकी मारण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यावर मी फार विसंबत नाही. जास्त गेनवर चांगली १२एएक्स७ (सुरुवातीच्या टप्प्यांतली नेहमीची ट्यूब) सुद्धा टिचकीला थोडं उत्तर देतेच. टिचकीनंतर घंटेसारखा नाद घुमत राहिला किंवा त्याचीच शिट्टी झाली, तरच ती ट्यूब दोषी धरावी. अशी ट्यूब फेकण्याआधी कमी गेनच्या जागी, उदाहरणार्थ फेज इन्व्हर्टरमध्ये (पॉवर ट्यूबांना सिग्नल वाटून देणारा टप्पा), लावून पाहावी. तिथे ती बरेचदा निमूट काम करते.

ऑसिलेशन जास्त लबाड. ते नेहमी शिट्टीच मारेल असं नाही. ते ऐकू येण्यापलीकडच्या फ्रिक्वेन्सीवर असलं, तर कानाला फक्त परिणाम कळतो: आवाज दबलेला, सूर विरताना खरखर, आणि कधी काही वाजवत नसतानाही पॉवर ट्यूबच्या प्लेटा लालबुंद. ट्रेबल किंवा प्रेझेन्सचा नॉब एका ठरावीक जागेपुढे नेताच काही बिघडत असेल, तर मी आधी यालाच धरतो. डमी लोडवर (स्पीकरच्या जागी जोडलेला रेझिस्टर) ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला, की अ‍ॅम्पला दिलेल्या साइन वेव्हच्या टोकावर झुपका दिसतो आणि वाद मिटतो.

कारण बहुतेकदा वायरिंगच्या मांडणीत सापडतं. प्लेटची (ट्यूबच्या आउटपुटची) तार आधीच्या टप्प्याच्या ग्रिडच्या (इनपुटच्या) तारेला खेटून गेलेली असते, शील्डचं ग्राउंड सुटलेलं असतं, किंवा ग्रिड स्टॉपर (ग्रिडच्या वाटेतला रेझिस्टर) सॉकेटच्या पिनपासून लांब सोल्डर केलेला असतो. इनपुटच्या ट्यूबला हा रेझिस्टर साधारण ६८ किलोओहमचा असतो. ट्यूबच्या सुमारे १०० पिकोफॅरड इनपुट कपॅसिटन्सबरोबर तो २३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापू लागतो. पिनपासून लांब गेला, तर मधली उघडी तार अँटेना होते.

चालू अ‍ॅम्पमधल्या तारा कोरड्या लाकडी काडीने हळूच सरकवून पाहता येतात, पण आत ४०० व्होल्टच्या वरही असू शकतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. हे माहीत नसलेल्याने चेसिस उघडू नये. व्हॉल्यूमची चाचणी मात्र कोणीही करू शकतो. शून्यावर नेल्यावर शिट्टी गेली, तर परतीचा वळसा व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यांतून जातो, नाही गेली तर दोष पुढे आहे. फक्त एवढंच की ही चाचणी दोषाची जागा सांगते, प्रकार नाही.

बोटीच्या इंजिनासारखी फटफट ही तिसरीच गोष्ट. तिथे आधी पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर बघावेत.

आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर नुकताच बदलला असेल, अ‍ॅम्प चालू होताच कर्कश किंचाळत असेल, तर ट्यूबांना हात लावू नका. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटमधून मागे आणून वजा केला जाणारा सिग्नल) उलट्या फेजमध्ये येत असण्याची दाट शक्यता आहे. कपॅसिटर रिकामे करून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (ट्यूबांकडच्या बाजूच्या) दोन प्लेट-तारा आपसांत बदला.