ज्या मुलाचं बाळपण आठवणारं कोणी नाही

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. डॉक्टर मुलाचं निरीक्षण करतात आणि आईवडिलांना विचारतात: हाक मारली की वळून बघायचा का? बोट दाखवून वस्तू मागायचा का? पहिला शब्द कधी बोलला? एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं कठीण जातं त्या स्थितीतही, लक्षणं बाराव्या वर्षाआधीची आहेत ना, हे पाहावं लागतं. बालगृहात किंवा प्रतिपालक (दत्तक न घेता सांभाळणाऱ्या) कुटुंबात वाढणाऱ्या मुलाबाबत याची उत्तरं द्यायला अनेकदा कोणीच नसतं. घरं बदलत गेली, माणसं बदलत गेली. मुलासोबत राहिली ती फाइल, आणि तिच्यात विशेषणं: हट्टी, आक्रमक, बेजबाबदार.

अडचण इथेच संपत नाही. मारहाणीत, भीतीत वाढलेलं मूल सतत सावध असतं. दार वाजलं तरी दचकतं, मग धड्यात लक्ष कुठून लागणार? वरवर पाहता हे एडीएचडीसारखंच दिसतं. रोमानियाच्या अनाथालयांतून १९९० नंतर ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. कमालीच्या उपेक्षेत राहिलेल्या काही मुलांत त्यांना ऑटिझमशी मिळतीजुळती लक्षणं आढळली. म्हणून आघाताचा, म्हणजे अशा अनुभवांनी मनावर झालेल्या जखमेचा, विचार करायलाच हवा. पण ‘बिचाऱ्यानं फार सोसलंय’ एवढ्यावरच थांबलो, तर जन्मतः वेगळ्या घडणीचा मेंदू नजरेआडच राहतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून ऑटिझम आणि एडीएचडी या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसतं. शिवाय एकाच मुलात आघात आणि वेगळी घडण दोन्ही असू शकतात.

अशा मुलावर ‘संस्थेतला’ हा शिक्का आधीच असतो. त्यावर ‘डोक्यानं कमी’ हा दुसरा बसू नये म्हणून ते स्वतःला लपवायला शिकतं: हातांची चाळवाचाळव दाबायची, नको असताना डोळ्यांत बघायचं, इतर हसले की हसायचं. अशा लपवण्याचा चिंता आणि नैराश्याशी संबंध संशोधनात वारंवार दिसला आहे. घरी राहणाऱ्या मुलाला शाळेतून आल्यावर किमान स्वतःची खोली तरी असू शकते. सामायिक शयनगृहात तीही नाही. हा थकवा मोठ्यांना दिसत नाही, रात्रीचा उद्रेक तेवढा दिसतो.

ऑटिस्टिक माणसांना संवादच जमत नाही, या समजाला मात्र चांगला धक्का बसला आहे. २०१२ साली डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट पुढे पाठवली, कानगोष्टींच्या खेळासारखी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळाली.

निदानाच्या रांगेत वर्षं जाऊ शकतात, आणि तेवढा वेळ मुलाला ताटकळत ठेवण्याचं काही कारण नाही. ‘आक्रमक’ लिहिण्याऐवजी ‘जेवणघरात गोंगाट वाढला तेव्हा ताट ढकललं’ असं लिहिलं, तर पुढच्या माणसाला काय बदलायचं ते कळतं. दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर लावावं, बदल आदल्या दिवशी सांगावा, शांत कोपरा आणि आवाज अडवणारे हेडफोन ठेवावेत. आणि हे सगळ्याच मुलांसाठी ठेवावं. म्हणजे हेडफोन घालणारं मूल वेगळं उठून दिसत नाही.