संन्यास दीक्षा: पात्रता, विधी आणि कागदपत्रं

संन्यासासाठी सरकारी अर्ज नसतो. विनंती करायची ती गुरूंकडे किंवा मठाच्या प्रमुखांकडे. तिथे शिक्षणाच्या पदवीआधी घरची चौकशी होते. आईवडिलांना कोण बघणार? लग्न झालंय का? डोक्यावर कर्ज आहे का? इथे काहीही लपवू नका. विठ्ठलपंतांनी पत्नी असल्याचं न सांगता काशीत संन्यास घेतला, गुरूंना कळल्यावर परत संसारात यावं लागलं, आणि त्याची झळ ज्ञानदेवादी भावंडांना बसली, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. कायद्यानेही संन्यासाने लग्न आपोआप मोडत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार मागे राहिलेल्या जोडीदाराला घटस्फोट मागता येतो, इतकंच.

होकार मिळाला तरी लगेच भगवं मिळत नाही. रामकृष्ण मठात आधी उमेदवारी, मग ब्रह्मचर्य दीक्षा, आणि कित्येक वर्षांनी संन्यास. स्त्रियांसाठी १९५४ पासून स्वतंत्र सारदा मठ आहे. हा काळ मला फार मोलाचा वाटतो. मन उतरलं तर या टप्प्यावर सन्मानाने घरी परतता येतं.

शंकराचार्यांच्या परंपरेतल्या दशनामी पद्धतीत मुख्य विधी असा: क्षौर करून शेंडीपुरते केस ठेवतात. मग अष्टश्राद्ध, म्हणजे आठ श्राद्धं. यातलं शेवटचं आत्मश्राद्ध, म्हणजे स्वतःच्याच नावाचा पिंड स्वतःच्या हाताने ठेवायचा. त्यानंतर विरजा होम, म्हणजे शुद्धीसाठीचा होम. पुढे पाण्यात उभं राहून ‘संन्यस्तं मया’ (मी संन्यास घेतला) हा प्रैष, म्हणजे संन्यासाचा मंत्र, उच्चारायचा, सर्व प्राणिमात्रांना अभय द्यायचं, शेंडी आणि जानवं सोडायचं. मग गुरू कौपीन (लंगोटी), काषाय म्हणजे भगवं वस्त्र, महावाक्य (‘अहं ब्रह्मास्मि’सारखं उपनिषदातलं वचन) आणि नवं नाव देतात. तपशील परंपरेप्रमाणे बदलतात. मरणासन्न माणसासाठी आतुर संन्यास आहे. त्यात प्रैष पुरतो.

नुसती भगवी वस्त्रं घालून कायद्यापुढे संन्यास सिद्ध होत नाही, विधी झाल्याचा पुरावा लागतो. म्हणून मठाचं दीक्षापत्र जपून ठेवा. नव्या नावासाठी महाराष्ट्रात राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि त्यावरून आधार, पॅन बदला. पासपोर्टवर आईवडिलांच्या जागी गुरूंचं नाव देण्याची सोय डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाली. त्यासाठी मतदार ओळखपत्र, पॅन किंवा आधार यांपैकी निदान एकावर पालकांच्या रकान्यात गुरूंचं नाव आधीच असावं लागतं, तेव्हा पासपोर्टचा अर्ज सगळ्यात शेवटी करा.