लहान मुलांचा मोतीबिंदू आणि लेन्सचा वाद

अंधत्व निवारणाचा सरकारी कार्यक्रम १९७६ चा, पण तो सगळा उभा राहिला म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूवर. शिबिर भरवायचं, डोळ्याजवळ भुलीचं इंजेक्शन द्यायचं आणि शेवटी मोजायचं काय, तर ऑपरेशनं किती झाली. लहान मूल यात बसतच नाही. त्याला पूर्ण भूल लागते, भूलतज्ज्ञ लागतो, तो तालुक्याला मिळायची मारामार. त्यात "पिकू दे, मग काढू" हा सल्ला, जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनला तो ठीक होता, पण बाळाला जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर थांबणं म्हणजे नजर घालवणं. पहिल्या काही आठवड्यांत मेंदूला स्पष्ट चित्र मिळालं नाही तर नंतर डोळा कितीही साफ करा, पूर्ण दिसत नाही.

खरं भांडण मात्र लेन्सवरून आहे. मोतीबिंदू काढला की डोळ्याची स्वतःची लेन्स जाते, तिच्याऐवजी कृत्रिम लेन्स डोळ्याच्या आत बसवायची की बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स घालायची, हा तो वाद. बाळाचा डोळा वाढत असतो, आज आत बसवलेल्या लेन्सचा नंबर थोड्या वर्षांत चुकतोच. म्हणून अमेरिकेत सात महिन्यांच्या आतल्या ११४ बाळांवर अभ्यास झाला, सगळ्यांना एकाच डोळ्यात मोतीबिंदू, निम्म्यांना आत लेन्स, निम्म्यांना बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स. साडेचार वर्षांचे झाल्यावर नजर दोन्हीकडे सारखीच निघाली पण आत लेन्स बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा ऑपरेशन जास्त लागलं. २०१४ ला निकाल आला आणि "एवढ्या लहानांना आत लेन्स नको" हेच सगळीकडे सांगितलं जायला लागलं. त्यातच एक सवलत होती ती कुणी फारशी सांगत नाही: कॉन्टॅक्ट लेन्सचा खर्च आणि रोजची हाताळणी घरच्यांना झेपणार नसेल तर आतच लेन्स बसवा. आता ऊसतोडीला जाणाऱ्या आईने पाचटात बसून बाळाच्या डोळ्यातली कॉन्टॅक्ट लेन्स काढायची, धुवायची, परत घालायची? आपल्याकडे ती सवलत हाच नियम धरायला हवा असं माझं मत, अर्थात पुढच्या तपासण्या, चष्मा, अधू डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी हे सगळं तरीही राहतंच, आणि मजुरी बुडवून कोण किती वेळा येणार.

अलीकडचं म्हणजे २०१७ पासून गोवर-रुबेला लस आली, गरोदरपणातला रुबेला हे जन्मजात मोतीबिंदूचं टाळता येणारं कारण. त्याआधी २०१३ ला पालघरमधून ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी योजना सुरू झाली, पण तिचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, महिनाभराच्या बाळाला त्याचा काय उपयोग. आशाताई मात्र ४२ दिवसांपर्यंत घरी येते, बाहुली पांढरी दिसतेय का हे तिनेच बघायचं असतं.