मोहावीतला रूट ६६: हौसेच्या सहलीआधीचा रस्ता

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात निडल्सपासून बार्स्टोकडे जाणारा जुना रूट ६६ आज अनेक कुटुंबे मुद्दाम वाट वाकडी करून मोटारीने पाहायला येतात. उजाड डोंगर, मिठाचे कोरडे तलाव, अ‍ॅम्बॉयमधली रॉयज मोटेलची उंच पाटी आणि मैलोन्‌मैल सरळ जाणारा दुपदरी रस्ता हे या प्रवासाचे ओळखीचे रूप आहे. या महामार्गाचे शताब्दी वर्ष २०२६ हे असले, तरी कुटुंबांनी सुट्टी घालवण्यासाठी त्यावरून जाण्याचा मूळ काळ जेमतेम पाव शतकाचा होता. त्याआधी मुलाबाळांसह जे लोक या वाटेने गेले, त्यांपैकी फार मोठा वर्ग नाइलाजाने निघालेला होता, आणि रस्त्याचा हा आधीचा इतिहास मला त्याच्या निऑन दिव्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

वाळवंटातील वाट कुठून जाणार, हे प्रथम पाण्याने ठरवले. कोलोरॅडो नदीकाठचे मोहावी लोक एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्याकडे जात समुद्रकिनाऱ्यापर्यंत व्यापार करत. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश मिशनरी त्यांच्याच वाटाड्यांसह हे वाळवंट ओलांडून गेला. १८५७ मध्ये एडवर्ड बील यांनी ३५व्या अक्षांशाच्या आसपास गाडीरस्त्याची पाहणी केली, तेव्हा लष्कराच्या प्रयोगाचा भाग म्हणून त्यांच्या तांड्यात सुमारे २५ उंट होते. झऱ्यांची ही जुनी वाट आजच्या रस्त्याच्या बरीच उत्तरेला आहे. रेल्वेला मात्र झऱ्यांपेक्षा सौम्य चढ हवा होता, म्हणून १८८३ मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग दक्षिणेकडून गेला आणि वाफेच्या इंजिनांना पाणी देण्यासाठी ठरावीक अंतरांवर स्थानके वसवावी लागली. पश्चिमेकडून पूर्वेकडे अ‍ॅम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी अशी इंग्रजी वर्णक्रमाने जाणारी त्यांची नावे ही गावे कागदावर आधी जन्मली असल्याचे स्पष्ट सांगतात. अ‍ॅम्बॉयचे भूजल इतके खारट की तिथे पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे.

मोटारी आल्या तेव्हा त्यांनी लोहमार्गाचीच सोबत धरली, कारण पाणी, दुरुस्ती आणि माणसाची मदत मिळण्याची शक्यता फक्त स्थानकांपाशी होती. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ओल्ड ट्रेल्स रोड संघटनेने हाच मार्ग पुरस्कारला आणि ११ नोव्हेंबर १९२६ रोजी तो शिकागो ते लॉस एंजेलिस या रूट ६६ मध्ये सामावला गेला. संपूर्ण महामार्गाचे फरसबंदीकरण व्हायला १९३८ उजाडले.

म्हणजे १९३०च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा आणि मिसूरी येथून निघालेली असंख्य कुटुंबे पश्चिमेकडे आली, तेव्हा रस्ता पुरता तयारही नव्हता. या स्थलांतराचे कारण म्हणून धुळीच्या वादळांचे नाव नेहमी घेतले जाते, परंतु ते अपुरे आहे. कापसाचे भाव कोसळले होते, ट्रॅक्टरमुळे कुळांची गरज संपत होती, आणि पेरणी कमी करण्यासाठी सरकार जमीनमालकांना पैसे देत असल्याने अनेक मालकांनी कुळांना जमिनीवरून उठवले. गाद्या, भांडी आणि मुले एकाच गाडीत भरून आलेल्या या लोकांसमोर आधी अ‍ॅरिझोनातील ओटमनचा अवघड घाट, नंतर कोलोरॅडो नदी आणि त्यापलीकडे मोहावी होते. उन्हाळ्यात दिवसा इंजिन तापून बंद पडत असल्याने अनेक जण रात्री वाळवंट ओलांडत. गाडीच्या पुढे बांधलेल्या कॅनव्हासच्या पिशव्यांतले पाणी झिरपून, माठातल्या पाण्यासारखे, वाऱ्याने गार होई. पाणी ही बहुतेक ठिकाणी विकत घ्यायची वस्तू असताना, दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑटोमोबाइल क्लबने एसेक्स येथे खोदलेल्या विहिरीचे पाणी मात्र प्रवाशांना फुकट मिळत असे.

वाळवंट पार करूनही प्रवेश मिळेल याची शाश्वती नव्हती. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी स्वतःच्या हद्दीपासून कितीतरी दूर, राज्याच्या सीमेवरील १६ ठिकाणी १३६ पोलीस नेमले आणि ज्यांच्याजवळ पैसे किंवा कामाची हमी दिसत नव्हती, त्यांना परत पाठवायला सुरुवात केली. ही नाकेबंदी काही आठवड्यांतच बारगळली, तरी निर्धन माणसाला जाणूनबुजून राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा कायम राहिला. पुढे फ्रेड एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाने आपल्या पत्नीच्या बेकार भावाला टेक्सासमधून मोटारीने घरी आणले आणि केवळ त्यासाठी त्याच्यावर खटला चालला. २४ नोव्हेंबर १९४१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल देऊन तो कायदा रद्द ठरवला. नातेवाइकाला गाडीत बसवून राज्याची सीमा ओलांडण्याचा साधा हक्क असा न्यायालयातून मिळवावा लागला, ही गोष्ट या रस्त्यांवरच्या प्रत्येक माहितीफलकावर असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आले, आणि १९४२ मध्ये जनरल पॅटन यांनी सुरू केलेल्या वाळवंटी युद्धप्रशिक्षणाच्या छावण्यांमुळे या भागात सैन्याची वर्दळ झाली.

युद्धानंतर मात्र चित्र पालटले. पगारी रजा आणि नव्या मोटारी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि त्यासोबत हौसेचा कौटुंबिक प्रवास सुरू झाला. अ‍ॅम्बॉयमध्ये रॉय क्राउल यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या पेट्रोल पंपाला त्यांचे जावई बस्टर बरिस यांच्या साथीने कॅफे आणि मुक्कामाच्या खोल्यांची जोड मिळाली, आणि आज छायाचित्रांत दिसणारी ती उंच पाटी १९५९ मध्ये उभी राहिली. या सुखाच्या काळाविषयी लिहिताना एक गोष्ट वगळणे अन्यायाचे होईल. कृष्णवर्णीय कुटुंबांना त्या काळात अनेक मोटेल आणि खानावळी दारातूनच परत पाठवत. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेली, कृष्णवर्णीयांना प्रवेश देणाऱ्या जागांची मार्गदर्शिका जवळ ठेवून, जेवण आणि अंथरूण बरोबर घेऊन, मुक्काम आधी ठरवूनच ही कुटुंबे निघत. वंशभेदाला सार्वजनिक ठिकाणी बंदी घालणारा कायदा १९६४ मध्ये आला, तोपर्यंत हौसेच्या प्रवासाचा बहर ओसरू लागला होता.

१९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांची योजना मंजूर केली होती. मोहावीत नवा रस्ता आणि लोहमार्ग सरळ नेण्यासाठी ब्रिस्टल डोंगररांग २२ अणुस्फोटांनी फोडावी, असा प्रस्ताव १९६३ मध्ये गंभीरपणे तपासला गेला. सुदैवाने तो मागे पडला. साध्या सुरुंगांनी खोदलेला आंतरराज्य महामार्ग ४० येथे १९७३ मध्ये खुला झाला आणि अ‍ॅम्बॉयची रहदारी जवळजवळ लगेच आटली. रूट ६६ अधिकृत यादीतून जून १९८५ मध्ये वगळला गेला. त्यानंतर १९९९ मध्ये संवर्धनाचा कायदा झाला आणि २०१६ मध्ये घोषित झालेल्या मोहावी ट्रेल्स राष्ट्रीय स्मारकात या रस्त्याचा सुमारे १६९ किलोमीटरचा, फारशी नवी बांधकामे न झालेला पट्टा समाविष्ट झाला.

या पट्ट्यावर अचानक येणाऱ्या पुराचे पाणी वळवण्यासाठी रस्त्याच्या कडेने मातीचे बांध घातलेले आहेत आणि त्यांवर प्रवाशांनी दगड मांडून आपली नावे लिहिलेली दिसतात. बांधांनी वळवलेले पाणी ज्यांखालून जाते, ते शंभराहून अधिक पूल बहुतेक लाकडी आणि १९३०च्या सुमाराचे आहेत. २०१४ आणि २०१७ च्या पुरांत त्यांपैकी काहींची मोठी हानी झाली आणि अ‍ॅम्बॉयच्या पूर्वेकडील भाग दीर्घकाळ बंद ठेवावा लागला. पुलांची पुनर्बांधणी सॅन बर्नार्डिनो काउंटीकडे आहे. रस्ता बंद असेल तेव्हा निडल्सकडून येणाऱ्या कुटुंबाला अ‍ॅम्बॉय गाठण्यासाठी आंतरराज्य महामार्ग ४० वरूनच यावे लागते आणि केलबेकर रोडने दक्षिणेकडे उतरावे लागते.