कम्प्रेसरात उजेड शिरला की…

ऑप्टो कम्प्रेसर (रेकॉर्डिंगमध्ये मोठा आवाज दाबणारा, आतल्या उजेडावर चालणारा डबा) विकणारे लोक त्याच्याबद्दल बोलायला लागले की आवाज उगाच खोल करतात. त्यात म्हणे जुन्या काळची ऊब असते, गाणाऱ्याचा गळा त्यातून गेला की 'जिवंत' होतो, आणि अशा डब्याची किंमत ऐकली की आपणच मेल्यासारखे होतो. प्रत्यक्षात आत काय असतं? एक दिवा आणि उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होणारा एक पार्ट, एलडीआर. हा एलडीआर पुण्याच्या टपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चहाच्या किमतीत मिळतो. जादू वगैरे काही नाही, पण त्या पार्टच्या पोटात जे भौतिकशास्त्र चालतं ते कुठल्याही जादूपेक्षा भारी आहे, आणि घरी बनवलेला कम्प्रेसर नीट चालत नसला की ते समजून घेतल्याशिवाय सुटका नाही.

निमित्त आमच्या भाच्याचं. त्याने अभंग रेकॉर्ड करायला असा एक डबा बनवला आणि तक्रार घेऊन आला की मामा, ट्यूबलाइट लावली की आवाज घोगरा येतो, लाइट घालवली की एकदम साफ. त्याला आधी कोणी सांगितलं अर्थिंग खराब आहे, कोणी महागडी केबल घे म्हणालं, आणि एका शहाण्याने विजेची उपकरणं आग्नेय कोपऱ्यात ठेवावीत असंही सांगून टाकलं. डबा आग्नेयेला नेला. तिथेही ट्यूबलाइट होतीच.

आधी कम्प्रेसर करतो काय ते थोडक्यात. पुष्कळांना वाटतं तो आवाज मोठा करतो. तसं नाही, तो मोठा आवाज लहान करतो. व्हॉल्यूमच्या बटणावर हात ठेवून बसलेला एखादा माणूस समजा, गायक वरच्या सुरात गेला की बटण थोडं मागे, खाली आला की परत पुढे. असं केल्यावर सगळंच एकूण थोडं वाढवता येतं, म्हणून शेवटी ऐकताना मोठं वाटतं. ऑप्टो प्रकारात हे बटण म्हणजे एलडीआर आणि हात म्हणजे एलईडी. आवाज वाढला, एलईडी जास्त पेटला, एलडीआरचा रेझिस्टन्स उतरला, आवाज दबला.

हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचाच आहे. सिग्नलच्या वाटेत ४७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्या पुढच्या टोकापासून खाली एलडीआर. अंधारात एलडीआर १ मेगओहम असेल तर सिग्नल जवळजवळ पूर्ण पुढे जातो, अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी नुकसान. एलडीआर ४७ किलोओहमवर आला की सिग्नल अर्धा, म्हणजे ६ डेसिबल कमी. ४.७ किलोओहमवर आला की जवळपास २१ डेसिबल खाली. बास, एवढंच सर्किट. (ह्याच्यापुढे ओपॅम्पचा बफर, म्हणजे पुढच्या यंत्राचा भार ह्यावर येऊ न देणारी एक चिप, लागतोच. बफर न लावता थेट १० किलोओहम इनपुटच्या मिक्सरला जोडलं तर एलईडी बंद असतानाही १५ डेसिबल गायब होतात, आणि लोक बसतात एलडीआर बदलत.)

आता घोगरा आवाज. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, पण चोकवाली ट्यूबलाइट प्रत्येक चक्रात दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. स्वस्तातल्या एलईडी बल्बांचंही बरेचदा तेच. डोळ्याला कळत नाही, एलडीआरला कळतं. तो सुस्त पार्ट आहे, त्यामुळे हे १०० चे चढउतार बरेचसे गुळगुळीत होतात, पण पूर्ण पुसले जात नाहीत, आणि डब्यात उजेड शिरत असेल तर सिग्नलची पातळी सेकंदाला १०० वेळा किंचित वरखाली होत राहते.

इथे एक गंमत आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एलडीआर स्वतः काही आवाज तयार करत नाही, तो फक्त दाबतो. म्हणजे सिग्नलच नसेल तर कितीही उजेड शिरला तरी दाबायला काही नाही, आणि स्पीकर गप्प राहिला पाहिजे. मोबाइलच्या ॲपमधून ४४० हर्ट्झचा सूर सोडला तर त्याच्या दोन बाजूंना ३४० आणि ५४० अशी दोन भुतं उभी राहतात, स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठले सूर किती आहेत ते, दाखवणारं फुकटातलं ॲप असेल तर डोळ्यांनी दिसतात. ती स्वराशी सुसंगत नाहीत म्हणून गळा घोगरा वाटतो. गाणं थांबलं की तीही थांबतात. पण कोणी गात नसतानासुद्धा 'हूंऽऽ' येत असेल तर प्रकरण वेगळं. मग एक तर सप्लायमधला रिपल, म्हणजे डीसीत उरलेली मेन्सची लहर (९ व्होल्टची बॅटरी लावून बघा, गेला तर तोच होता), किंवा एलडीआरच्या दोन टोकांमध्ये डीसी व्होल्टेज बसलंय आणि उजेड तेच वरखाली करतोय. एकाच बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटमध्ये सिग्नल ४.५ व्होल्टवर तरंगत असतो, आणि एलडीआरचं खालचं टोक त्या ४.५ ला न जोडता सरळ ग्राउंडला जोडलं की एलईडी पेटताना दरवेळी 'धप्प' असा आवाज येतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवून एलडीआरवर मोजा, जवळपास शून्य यायला हवं.

उजेडाची खात्री करायची सोपी रीत म्हणजे डब्यावर जाड काळं कापड टाकणं. कापड विजेची ढवळाढवळ अडवू शकत नाही, चोकचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं. म्हणजे कापड टाकल्यावर घोगरेपणा गेला तर दोष उजेडाचाच, अर्थिंगवाल्यांनी घरी जावं. भाच्याने एलईडी आणि एलडीआर समोरासमोर ठेवून काळी श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवली होती, दिसायला अगदी व्यवस्थित. पण पातळ श्रिंक ट्यूब आपल्याला काळी दिसली तरी जोरदार उजेड आतून जाऊ देते, शिवाय एलडीआरच्या पाठीमागून, जिथून दोन तारा बाहेर येतात तिथूनही उजेड शिरतो. एलडीआर सर्किटमधून सोडवून मीटरला लावला आणि बाहेरून मोबाइलचा टॉर्च मारला की आकडा मेगओहमवरून धडाधड खाली. पाठीला काळा रंग, वर दुसरी ट्यूब, दोन्ही टोकं काळ्या टेपने बंद, मग टॉर्च मारला तरी आकडा हलेना.

ह्या दोषाचा इतिहास मला फार आवडतो. १८७३ साली विलोबी स्मिथ नावाचा इंग्रज इंजिनियर समुद्राखालच्या तारेच्या केबलच्या चाचण्यांसाठी सेलेनियमच्या कांड्या मोठे रेझिस्टर म्हणून वापरत होता, आणि त्यांचे आकडे काही केल्या स्थिर राहीनात. तो आणि त्याचा सहकारी जोसेफ मे यांच्या लक्षात आलं की पेटीचं झाकण बंद असलं की रेझिस्टन्स जास्तीत जास्त आणि स्थिर, झाकण सरकवलं की वाहकता १५ ते १०० टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे उजेडाने रेझिस्टन्स बदलतो हा शोधच मुळात एका ट्रबलशूटिंगमधून लागलेला आहे!

बरं, उजेड बंद केला. आता भाच्याची दुसरी तक्रार, जी खरं म्हणजे तक्रार नाही. "आवाज दाबतो पटकन, पण सोडताना आधी झटकन आणि मग रेंगाळतो. कपॅसिटर बदलून बघितला, फरक नाही." नसणारच, कारण हे रेंगाळणं कपॅसिटरमध्ये नसून एलडीआरच्या स्फटिकात आहे. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून पुढे जा.

साधा एलडीआर कॅडमियम सल्फाइडचा असतो. त्यातला बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, हिरव्या प्रकाशाच्या कणात साधारण तेवढीच असते. इलेक्ट्रॉन सुटला की मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. दोघं लगेच परत भेटले असते तर वाहकता टिकलीच नसती, म्हणून स्फटिकात तांब्यासारखी भेसळ मुद्दाम केलेली असते, ती होलला पकडून ठेवते. मग मोकळा इलेक्ट्रॉन बराच वेळ हिंडत राहतो आणि करंट वाहतो. पण स्फटिक काही परिपूर्ण नसतो, त्यात जागोजागी दोष असतात, आणि तिथे इलेक्ट्रॉन अडकतात. ह्यांना सापळे म्हणतात. काही उथळ, काही खोल. उजेड गेला की मोकळे इलेक्ट्रॉन भराभर होलला जाऊन मिळतात, हा झटकन सुटणारा भाग. पण सापळ्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेच्या धक्क्याने एकेक करून बाहेर येतात, थोडा करंट वाहतात आणि मगच मिटतात. रेझिस्टन्स पूर्ण वर जायला त्यामुळे वेळ लागतो.

किती वेळ, तर ते सापळ्याच्या खोलीवर घातांकाने ठरतं. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या धक्क्याचं माप ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असतं, त्यामुळे सापळा फक्त ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खोल झाला की सुटायला १० पट वेळ! असा फरक तीनदा पडला की मिलिसेकंदाचं काम सेकंदावर जातं. आणि तापमानाचंही तसंच, अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल सापळा २० अंशांना जेवढा वेळ धरून ठेवतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळात ४० अंशांना सोडतो. आता गाण्याकडे या. एखादीच टाळी वाजली तर उथळ सापळे भरतात, लगेच रिकामे होतात. गायकाने वरचा सा लांबवला तर खोल सापळेही भरत जातात आणि मग कम्प्रेसर सावकाश सोडतो. म्हणजे किती जोरात आणि किती वेळ गायलं, हे त्या चहाच्या किमतीच्या पार्टला 'आठवतं'.

जेम्स लॉरेन्स ह्या अमेरिकन इंजिनियरने १९६० च्या दशकात टेलिट्रॉनिक्स कंपनीच्या एलए-२ए ह्या कम्प्रेसरमध्ये हेच वापरलं. त्यात एलईडीऐवजी विजेने उजळणारी चकती होती. त्याचा रिलीज, म्हणजे दाब सुटायचा वेळ, असा सांगतात, अर्धा दाब सुटायला सुमारे ६० मिलिसेकंद आणि उरलेला सुटायला १ ते १५ सेकंद, आधी किती दाबलं होतं त्यावर. रिलीजचं बटण त्यावर नाहीच.

आणि ती 'ऊब'? तिच्यात एक भाग असाही आहे: खालच्या सुरात, समजा ८० हर्ट्झ, एलईडी प्रत्येक चक्रात दोनदा म्हणजे १६० वेळा किंचित फडफडतो, त्यातून २४० हर्ट्झचा, मूळ सुराच्या तिप्पट असा सूर मिसळतो. साधी विकृती आहे, कानाला कमी प्रमाणात बरी वाटते इतकंच.

ह्याच आठवणीवर 'बर्न-इन' वाल्यांचं पण फावतं. 'नवीन डबा शंभर तास चालवा मग खुलतो' वगैरे. एलडीआर बरेच दिवस अंधारात ठेवला तर त्याच उजेडाला तो कमी रेझिस्टन्स दाखवतो, आणि उजेडात राहिलेला असेल तर जास्त, हे खरं आहे. म्हणून कपाटातून काढलेला कम्प्रेसर सुरुवातीला जरा जास्त दाबल्यासारखा वाटू शकतो. पण परत कपाटात ठेवला की तो परत तसाच होतो, त्यामुळे शंभर तासांची तपश्चर्या फुकट.

एलईडीच्या रंगावरून भाच्याने आणखी एक उद्योग केला. जीएल५५२८ सारख्या एलडीआरची नजर ५४० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्याला, सगळ्यात तीक्ष्ण असते हे त्याने डेटाशीटमध्ये वाचलं आणि लाल काढून हिरवा लावला. कम्प्रेसर ठप्प. कारण झगझगीत हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला १.८. आणि ९ व्होल्टवर चालणारा टीएल०७२ हा ओपॅम्प मधल्या ४.५ पासून वर जेमतेम ३ व्होल्ट जातो. तेवढ्यात हिरवा नुसता डोळे किलकिले करतो. मग एलईडी बीसी५४७ ट्रान्झिस्टरने थेट सप्लायवरून चालवला, खालचं टोक ग्राउंडला. ह्याचा दुसरा फायदाही झाला. आधी एलईडीचा करंट त्या ४.५ व्होल्टच्या बिंदूत परत जात होता, आणि तो बिंदू १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी बनवलेला, म्हणजे ०.१ मिलिॲम्पियरनेसुद्धा तो अर्धा व्होल्ट ढकलला जाणार! एलईडी पेटला की तो बिंदू हलतो, हलला की तेच ओपॅम्पला सिग्नल वाटतं, परत एलईडी पेटतो, आणि स्पीकरमधून जुन्या बुलेटसारखं फट-फट-फट. एवढं करूनही फटफट उरली तर ऑडिओ भागाच्या सप्लायला १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वेगळे द्या.

आता त्याला स्टिरिओ हवाय. दोन एलडीआर एकाच पाकिटातले असले तरी जुळत नाहीत, १० लक्सला (लक्स हे उजेडाचं माप) कुठला १० किलोओहम तर कुठला २०, आणि मग दाबताना आवाज डावी-उजवीकडे सरकतो. म्हणून मूठभर घ्यायचे, सगळे रात्रभर एकाच बंद डब्यात अंधारात ठेवायचे, आणि सकाळी एकाच एलईडीखाली, एकाच करंटला, प्रत्येकाला सारखाच वेळ देऊन मोजायचे. खिडकीजवळ बसून मोजाल तर पहिला आणि शेवटचा वेगळा इतिहास घेऊन येतील. न जुळलेले फेकू नका, गिटारच्या ट्रेमोलोला, म्हणजे आवाज लयीत लहानमोठा करणाऱ्या डब्याला, चालतात. आणि तुटलेले जाळू किंवा घासू नका, आत कॅडमियम आहे. युरोपात उपकरणातल्या प्रत्येक एकजिनसी पदार्थात त्याची मर्यादा त्या पदार्थाच्या वजनाच्या ०.०१ टक्के आहे, व्यावसायिक ऑडिओतल्या अशा पार्टांना दिलेली सूटही २०१३ च्या अखेरीस संपली. तुटलेले तुकडे एका बरणीत साठवून ई-कचरा घेणाऱ्याला द्यायचे.