इंजिनिअरिंगची कॅप ॲडमिशन: कास्ट व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रिमिलेयर आधी बघा

कॅप म्हणजे राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. दरवर्षी सीईटीला (प्रवेश परीक्षेला) चांगले पर्सेंटाइल आणलेली पोरं ओपनमध्ये ढकलली जातात, का तर कागद वेळेत नाही. फार वाईट वाटतं बघताना, म्हणून हे लिहितोय.

पात्रता सोपी आहे. बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय (बहुतेकांचा केमिस्ट्री) मिळून ओपनला 45 टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव आणि ईडब्ल्यूएसवाल्यांना (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) 40, म्हणजे 300 पैकी 135 किंवा 120. हे बारावीचे मार्क, सीईटीचं पर्सेंटाइल वेगळं, त्याची गल्लत करू नका. फॉर्म, फी, अपलोड सगळं ऑनलाइन होतं.

अडतं ते व्हॅलिडिटीला. घरात जातीचा दाखला आहे म्हणून लोक निवांत असतात, पण तो पुरत नाही, जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र (तेच व्हॅलिडिटी) वेगळं लागतं आणि त्याचा अर्ज कॉलेजच्या सही-शिक्क्यासकट जातो. तो अकरावीतच करून टाका, निकालानंतर पळापळ करून काही होत नाही. समिती जुना पुरावा मागते, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, व्हीजेएनटीला (भटक्या-विमुक्तांना) 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, एससीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. आता आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा दाखला आणायचा कुठून? मग तहसीलला गाव नमुना 14 ची जन्म-मृत्यू नोंद, कोतवाल बुक, जुने महसुली कागद शोधा. चुलते, आत्या, चुलतभाऊ अशा वडिलांकडच्या कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर ती आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा, काम खूप हलकं होतं. मामाची चालत नाही.

नॉन-क्रिमिलेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र) एससी-एसटी सोडून बाकी राखीववाल्यांना लागतं. इथे तारीख नीट वाचा, 2026-27 ची ॲडमिशन असेल तर ते 31 मार्च 2027 पर्यंत चालणारं हवं. फॉर्म भरायच्या दिवशी चालू आहे एवढ्यावर भागत नाही, आणि कितीतरी पालक नेमके इथेच फसतात! केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी सर्टिफिकेट जोसासाठी (आयआयटी-एनआयटीच्या ॲडमिशनसाठी), ते इथे लावू नका.

शेवटचं, बारावीची एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) हातात आली की राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ लिहिलंय का ते कॉलेजच्या खिडकीपाशीच बघा, नसेल तर तिथेच दुरुस्त करून मागा.