डोळ्याच्या लिम्फोमाचा नमुना लॅबमध्ये आणताना

तपासणीसाठी काढलेल्या नमुन्याच्या दोन बाटल्या कशासाठी आणि रिपोर्टला इतके दिवस का, हे नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न आहेत, म्हणून हे पत्रक देत आहोत.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आवरणात, पापणीत, अश्रुग्रंथीत किंवा डोळ्यामागच्या खोबणीत वाढला तर बहुधा दुखत नाही. फिकट गुलाबी चट्टा दिसतो, पापणी जड होते किंवा डोळा हळूहळू पुढे येतो. डोळ्याच्या आतला लिम्फोमा मात्र वेगळा असतो. त्यात नजरेसमोर ठिपके तरंगतात, अंधूक दिसते, आणि हे सारे आतल्या साध्या सुजेसारखे भासत असल्याने निदान लांबते. मेंदूतही तो आढळू शकतो, म्हणून डॉक्टर एमआरआय सांगतात.

सर्वांत महाग पडणारी चूक बाटलीची आहे. पहिल्या बाटलीतला, फॉर्मॅलिन या कुजू न देणाऱ्या रसायनातला तुकडा उद्या आणला तरी सहसा बिघडत नाही, हे अनेकांना अनुभवाने ठाऊक असते, आणि त्याच भरवशावर दुसरी, ताज्या तुकड्याची किंवा डोळ्यातून काढलेल्या द्रवाची बाटलीही रात्रभर घरी राहते. या दुसऱ्या बाटलीतल्या पेशी फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी नेऊन तिचा प्रकार ओळखण्याच्या तपासणीसाठी, जिवंत लागतात. द्रवात त्या मुळातच थोड्या असतात आणि काही तासांत खराब होऊ लागतात. काळजीपोटी कोणी ती बाटली फ्रीझरमध्ये ठेवतात, पण बर्फाने पेशी फुटतात. मग रुग्णाला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावे लागते, आणि ते आमच्याही मनाला फार लागते. कृपया ही बाटली ऑपरेशन थिएटरमधून थेट आमच्याकडे आणावी.

आधी स्टिरॉइडचे थेंब, गोळ्या किंवा इंजेक्शन घेतले असल्यास फॉर्मवर अवश्य लिहावे. स्टिरॉइडने या पेशी मरतात, त्यामुळे आजार असूनही रिपोर्टमध्ये तो न दिसण्याची शक्यता असते. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

साधी सूज आणि लिम्फोमा सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी इतके सारखे दिसतात की सीडी २०, सीडी ३ यांसारख्या मार्करचे, म्हणजे पेशीचा प्रकार सांगणाऱ्या प्रथिनांचे, रंग एकामागून एक लावून पाहावे लागतात. वेळ आणि जादा शुल्क त्याचेच आहे. घाईचा रिपोर्ट आम्ही देत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळवल्यास दोन्ही बाटल्या आम्ही रुग्णालयात पोहोचवतो आणि आमचा माणूस नमुना घेऊन येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यायचे असल्यास ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड पावती करून सोबत देतो.